चौदा सेकंदांची जागा

बालाजीच्या दालमिलमध्ये डाळ रोज पोत्यांत भरून बाहेर जाते, पण चुनी, म्हणजे डाळीचा चुरा-कोंडा, कोपऱ्यात साचत राहते. कुणी मुद्दाम साठवत नाही. एक दिवस बघावं तर तिचाच ढीग डाळीहून मोठा! आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. आमचा आवडता बँड आम्ही आयुष्यात दोनदा प्रत्यक्ष ऐकला, तोही लागोपाठच्या दोन दिवसांत. पण त्याच्यावर बोलायला बसलो की चहा तीनदा होतो आणि घरचे लोक एकेक करून दुसऱ्या खोलीत जातात.

‘आमचा बँड’ म्हणजे आम्ही वाजवतो असं नाही. आम्हाला धड टाळीही तालात वाजवता येत नाही. बँडचं नाव मड लँटर्न. ईशान्येकडच्या डोंगरातली चार माणसं, इंग्रजीत गाणारी. इकडं आम्हीही चौघंच. लातुरात दालमिल चालवणारा बालाजी, नांदेडात मंडप-साऊंडचा धंदा करणारा इरफान, किनवटकडच्या एका निवासी शाळेत शिकवणारी शुभांगी, आणि लातूरच्या एका क्लासमध्ये पोरांना केमिस्ट्री शिकवणारा मी, विलास. ओळख नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना झालेली. चौघांपैकी एकही इंजिनिअर म्हणून कामाला लागला नाही, यावरून आमचं लक्ष कुठं होतं ते कळावं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या सगळ्या किश्श्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, आणि सतरा वर्षं झाली तरी तो सुटलेला नाही. इरफान दोषी आहे की नाही?

*

झालं असं. सेकंड इयरला बालाजीच्या चुलतभावानं त्याला हैदराबादला मड लँटर्नची सीडी दिली. नऊ गाणी. शेवटचं बारा मिनिटांचं, त्यात शब्द जवळजवळ नाहीतच. त्याला आम्ही ‘लांबडं’ म्हणायचो.

सीडी हॉस्टेलवर आली त्याच दिवशी इरफानही घरून आला. ईदचा दुसरा दिवस होता. अम्मीनं डबा भरून शीरखुर्मा दिलेला. इरफाननं रूममधली एकुलती एक वाटी टेबलावर ठेवली, गरम शीरखुर्मा काठोकाठ ओतला आणि म्हणाला, “बालाजी, पहिला मान तुझा!”

बालाजीनं वाटी उचलली. वाटीबरोबर सीडीही वर आली! बुडाला चिकटून!

बालाजीनं ती सोडवली आणि अंगातल्या बनियननं खसाखसा पुसली. मग आम्ही ती लावली. आठ गाणी सुरळीत झाली. लांबडं सुरू झालं, सात मिनिटं आम्ही हवेत होतो, आणि अचानक सगळं बंद. गिटार नाही, ड्रम नाही, काही नाही. चौदा सेकंद. मग एकदम ‘धाड!’ करून ड्रम पडला आणि गाणं पुढं निघालं.

“खराब केलीस बे!” बालाजी ओरडला.

“काय खराब केली? ती जागा गाण्यातच हाय,” इरफान म्हणाला. “इतकी भारी जागा ओरखड्यानं पडते का कुठं?”

“वाटी कुणी ठेवली?”

“आन पुसली कुणी? बनियननं?”

मी मध्ये पडलो. रूमवर येण्याआधी हे गाणं कुणी ऐकलं होतं का? तर बालाजीनं ऐकलं होतं. हैदराबादहून येताना रेल्वेत, भावाच्या प्लेअरवर.

“मग तेव्हा तिथं थांबलं होतं का?”

“सेल उतरले होते. लई ठिकाणी थांबत होतं,” बालाजी म्हणाला. “पण तिथं न्हाई थांबलं!”

यावर कोर्टानं काय करावं?

दुसऱ्या कॉपीवरून खातरजमा करावी म्हटलं, तर मड लँटर्नचे पुढचे अल्बम नेटवर आले, हा पहिला कधी आलाच नाही. आणि नांदेडात ज्याच्याकडे म्हणून ही सीडी होती ती आमच्याच सीडीवरून काढलेली. बालाजीनंच चाळीसेक कॉप्या काढून वाटल्या होत्या. प्रत्येकीवर शुभांगीनं हिरव्या स्केचपेननं कंदील काढला. शुभांगीला चित्रकला येत नाही. कंदिलाची ज्योत काचेच्या बाहेर गेलेली, डावीकडं कललेली. बालाजीनं विचारलं, “हे वांगं हाय का?” ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

तेव्हापासून दर ईदला बालाजी मला घेऊन लातूरहून नांदेडला इरफानच्या घरी जातो, दोन वाट्या शीरखुर्मा हाणतो आणि तिसरी घेताना सगळ्यांसमोर विचारतो, “इरफान, वाटी कशावर ठेवलीस?” अम्मीसकट सगळं घर हसतं. इरफानही हसतो. पण मी त्याच्या शेजारी बसलेला असतो. तो हसतो ते नुसतं तोंडानं.

*

बालाजीनं दालमिल ताब्यात घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ऑफिसात दोन स्पीकर लावले. संध्याकाळी मशीन बंद झाली की लांबडं सुरू.

मिलचे मुनीम गंगाधरमामा साठीचे. गाणं सातव्या मिनिटाला थांबलं की मामा चष्मा सावरत उठायचे आणि फ्यूज बघायला निघायचे.

“लाईट गेली काय रं?”

“न्हाई मामा. गाणंच तसंय.”

“असं कसं? मधीच थांबलं की.”

“इरफाननं वाटी ठेवली होती मामा.”

“कुठं? फ्यूजवर?”

हे रोज. महिना दोन महिने मामा रोज उठले, रोज परत बसले. शेवटी त्यांनाही सवय झाली. मग एके दिवशी सकाळी, ऐन सीझनमध्ये, मिल धडाधड चालू असताना सगळं एकदम गप्प झालं. हमाल थांबले, मशीनवाला थांबला. मामा वहीतून मानही वर न करता म्हणाले, “बसा रे. गाणं हाय.”

पोरं बसली. अर्धा तास बसली! बालाजी बाजार समितीतून परत आला तेव्हा त्याला कळलं की आख्ख्या गल्लीची लाईट गेलेली आहे आणि आपल्या मिलमध्ये सगळे शांतपणे गाणं ऐकतायत.

*

शुभांगीचा किस्सा याहून वरचा आहे. ती सांगते तेव्हा आम्ही तिला मध्ये टोकत नाही.

तिच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. नववीच्या मुलींचं लेझीम तिनं लांबड्यावर बसवलं. शुभांगीचं मत असं, की जागा बँडची असो नाहीतर वाटीची, आहे ना? मग वापरा! त्या चौदा सेकंदांत मुली आहे तिथं पुतळ्यासारख्या थांबतील, लेझीम छातीशी, माना खाली. आणि ‘धाड’ झालं की उसळून वर.

तालमीत फार सुंदर दिसायचं म्हणे. कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्याचे एक साहेब आले होते. सात मिनिटं झाली. गाणं थांबलं. पन्नास मुली माना खाली घालून स्तब्ध.

साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि उठून उभे राहिले. हात समोर बांधून, मान खाली. साहेब उभे राहिले म्हणून सरपंच उभे राहिले. सरपंच उभे राहिले म्हणून आख्खा मंडप उभा राहिला. सगळ्यांचं मौन!

मग ‘धाड!’ साहेब दचकून खुर्चीत बसले. घाम पुसून मुख्याध्यापकांच्या कानाला लागले, “कोण वारलं हो?”

मुख्याध्यापकांनाही काही माहीत नव्हतं. पण ते अनुभवी. म्हणाले, “चौकशी करून सांगतो साहेब.”

साहेब चौकशीसाठी थांबले नाहीत. भाषणाला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य म्हणाले, “त्यांच्या जाण्यानं या शाळेची जी हानी झाली आहे, ती भरून निघणार नाही.”

*

आता मुख्य गोष्टीकडं येतो, कारण इथं माझा स्वतःचा गुन्हा आहे.

मी ज्या क्लासमध्ये शिकवतो तिथल्या संचालकांना सगळे मोठे सर म्हणतात. दरवर्षी निकाल लागला की गुणगौरव सोहळा असतो. मोठ्या सरांना या वर्षी काहीतरी वेगळं पाहिजे होतं. मी धीर करून म्हणालो, “सर, एक बँड आहे.”

“मुलांना प्रेरणा मिळेल का?”

“भरपूर मिळेल सर.”

बँड हैदराबादला येणारच होता. तिकडून एका संध्याकाळी लातूर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेड असं ठरलं, कारण इरफाननं तिकडं एका नव्या मंगल कार्यालयाच्या मालकाला गळ घालून उद्घाटनाला हाच बँड ठरवला होता. दोन शहरं, दोन कार्यक्रम. म्हणजे लांबडं प्रत्यक्ष ऐकण्याच्या दोन संधी. इरफान फोनवर म्हणाला, “विल्या, आता कळंल. सतरा वर्षांनी कळंल.” त्याचा आवाज मला जरा वेगळाच वाटला.

बँड आला. सतरा वर्षं ज्यांचा आवाज ऐकला ती माणसं गाडीतून उतरली, आणि पहिला धक्का असा की गाणारा-गिटारवाला बालाजीच्या खांद्याला लागत होता आणि त्याच्या खिशात वाचायचा चष्मा होता. ड्रमरचे केस पिकलेले. बाकी दोघं नवीन, तरुण. मुलगी बघायला जावं तसा बालाजी भांग पाडून आला होता. त्यानं गिटारवाल्याचा हात धरला आणि सोडेचना. बोलायचं होतं खूप, पण तोंडातून निघालं काय, तर “जेवण झालं?” संध्याकाळचे पाच वाजले होते!

मग सत्कार. आता लातुरात सत्काराशिवाय दिवा लागत नाही. चौघांना फेटे बांधले. शाल, श्रीफळ. मग पहिल्या आलेल्या पोरांचे सत्कार, पोरांच्या आईवडलांचे सत्कार, आईवडलांनी क्लासचे केलेले सत्कार. दीड तास मड लँटर्न स्टेजवर ओळीनं फेटे घालून बसले होते. ड्रमरनं नारळ मांडीवर धरला होता, कारण खाली ठेवला तर कुणी रागावेल का हे त्याला कळत नव्हतं.

पण मग ते वाजवायला लागले. इतकी वर्षं जे इयरफोनमध्ये होतं ते माझ्या बरगड्यांत येऊन आदळत होतं. बालाजी पहिल्या रांगेत ढसाढसा रडत होता. त्याच्या शेजारचा पालक त्याला समजावत होता, “होतंय हो. पुढच्या वर्षी रिपीट करील पोरगा.”

शेवटी लांबडं. बालाजीच्या हातात स्टॉपवॉच. शुभांगीनं डोळे मिटलेले. इरफान खास नांदेडहून आलेला, मागच्या खांबाला टेकून हात जोडून उभा. आणि मी स्टेजच्या कोपऱ्यात, कारण बँड आणल्याबद्दल बक्षीस म्हणून सूत्रसंचालन मला मिळालं होतं.

सातवं मिनिट. बँड थांबला.

थांबला! म्हणजे इरफान सुटला!

पण मी पंधरा वर्षं सूत्रसंचालन करतोय. स्टेजवर शांतता पडली की माझा हात माझा राहत नाही. मी बघतोय, मला कळतंय, मी मनात ‘नको नको’ म्हणतोय, आणि माईकवर माझाच आवाज येतोय, “वा, वा, वा! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!”

हजारभर पोरांनी टाळ्या पिटल्या. मोठ्या सरांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी हात केला, साऊंडवाल्यानं राष्ट्रगीत लावलं. मड लँटर्न फेटे घालून, गिटारी गळ्यात, सावधान. आणि आपल्याकडं राष्ट्रगीतानंतर कुणी परत बसत नाही. सगळे नाश्त्याकडं.

“चार!” बालाजी स्टॉपवॉच माझ्या नाकासमोर नाचवत होता. “चारच सेकंद झाले होते बे! कामून बोललास?”

“पण थांबले ना ते?” इरफान म्हणाला. “आपणहून थांबले.”

“आपणहून कुठं? यानं माईक वर उचलला म्हणून थांबले!”

“आधी थांबले, मग यानं उचलला!”

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी आठवून बघितलं. खरं सांगू? आजही मला आठवत नाही. शुभांगीला विचारलं, तर तिचे डोळे मिटलेले.

तेवढ्यात मोठे सर आले. “छान झालं हो. फक्त ते शेवटचं गाणं जरा अर्धवट वाटलं.”

*

त्या रात्री चौघं बालाजीच्या घरी मुक्कामाला होतो. सकाळी एस.टी.नं नांदेडला निघालो. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चौघं चार खिडक्यांना तोंड करून. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि विचारायला लागला, “घरात काही झालंय का?”

बालाजीनं त्याला सगळं सांगितलं. वाटीसकट. कंडक्टर म्हणाला, “ऐकवा बरं.” त्याला आमच्या जुन्या सीडीवरून मोबाईलमध्ये घेतलेलं लांबडं लावून दिलं. इयरफोन लावून तो सीटच्या दांड्याला धरून उभा. सात मिनिटं मनापासून ऐकलं त्यानं. मग इयरफोन हलवून बघितला, वायर दाबून बघितली आणि निकाल दिला, “तुमची वायर गेली.”

तेवढ्यात त्याच्या कानात ‘धाड!’ झालं. तो एवढा दचकला की हात दोरीला लागून टण्णकन घंटी वाजली आणि ड्रायव्हरनं मोकळ्या शेतात गाडी उभी केली. एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन उतरलेसुद्धा. त्यांना परत बोलावून आणावं लागलं.

*

नांदेडला मात्र इरफाननं काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं. एक नाही, दोन जनरेटर. प्रत्येक वायर चिकटपट्टीनं जमिनीला बांधलेली. मालकाला बजावून ठेवलं होतं की सत्कार जे करायचे ते आधी करा, शेवटच्या गाण्याच्या वेळी स्टेजवर माशीही नको. मला नवव्या रांगेत बसवलं. शुभांगीनं माझ्या तोंडात पानाचा भला मोठा विडा कोंबला. “धरून ठेव. गिळू नको.” मिक्सरवर इरफान स्वतः बसला, बाकी कुणाला हात लावू देईना.

सकाळचे साडेअकरा. नव्या चुन्याचा वास, मागून फोडणीचा वास, आणि समोर आमचा बँड. पुन्हा फेट्यांत! कार्यालयाच्या मालकानं स्वतःचे वेगळे बांधले होते.

लांबडं सुरू झालं. माझं तोंड भरलेलं. बालाजीचा अंगठा स्टॉपवॉचवर. सातवं मिनिट आलं आणि ते थांबले.

एक. दोन. तीन. कुणी हललं नाही. चार गेले, पाच गेले. मी विडा दातांखाली धरून इरफानकडं बघितलं. त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. सहा. सात. आठ.

नवव्या सेकंदाला इरफानचा हात हलला.

साऊंडवाल्याचा हात तो. इतकी वर्षं ‘आवाज गेला!’ म्हटलं की आधी मेन वायरकडं धावणारा. मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं की त्याला हे नकोय. बोटांना ते माहीत नव्हतं. बोटांनी वायर काढली आणि परत खुपसली. ‘भुर्रर्रर्र’ असा आवाज सगळ्या कार्यालयात घुमला. ड्रमर दचकला, ‘धाड’ झालं आणि गाणं पुढं निघालं.

आता सांगा. तो ड्रम स्वतःच्या वेळेला पडला, की भुर्रर्रला दचकून पडला? थांबणं चौदाचं होतं, नऊचं होतं, की त्यांना फक्त वाटलं होतं की आवाज गेला?

“पुन्हा तूच!” बालाजी उभा राहून ओरडला. “पुन्हा तूच बे इरफान!”

एरवी या वाक्यावर आम्ही हसलो असतो. इरफान खाली बघून बटणं फिरवत होता, आणि बालाजीलाही बोलल्याबोलल्या कळलं होतं. तो खाली बसला. उरलेलं गाणं आमच्यापैकी कुणीच नीट ऐकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

*

उद्घाटन असल्यामुळे जेवण होतंच. टेबलाची पंगत. योगायोगानं की मालकाच्या मेहेरबानीनं, बँडचे दोघं जुने, गिटारवाला आणि ड्रमर, आमच्यासमोरच बसले. फेटे उतरवून मांडीवर घेतलेले. वाढपी शेवयांची खीर वाटीवाटीनं देत होता.

बालाजी म्हणाला, “आता सरळ विचारतो. माणसं समोर हायत.”

इरफाननं त्याचा हात धरला. “नको विचारू.”

“कामून?”

“आतापर्यंत नुसता आळ हाय, बालाजी,” इरफान हळू म्हणाला. “उद्या खरं निघालं तर?”

सतरा वर्षं आम्ही ज्यावर हसत होतो ते याच्या मनात असं बसलेलं असेल, हे मला तेव्हा कळलं. पण शुभांगीला राहवलं नाही. तिनं विचारलंच. त्यांचं हिंदी आणि आपलं हिंदी यांची गाठ पडली की काय होतं ते सांगत नाही, मी मराठीतच सांगतो. ती म्हणाली, “शेवटच्या गाण्यात तुम्ही मध्येच थांबता. ती जागा तुमचीच ना?”

“हो,” ड्रमर म्हणाला. “पहिल्यापासून आहे. मीच बसवली.”

“पहिल्यापासून कुठं?” गिटारवाला त्याच्याकडं वळला. “आपण सुरुवातीला वाजवायचो तेव्हा नव्हती.”

“होती.”

“नव्हती. सीडीवरून परत शिकलो तेव्हा आली.”

“सीडीवर होती, म्हणजे पहिल्यापासून होती!”

“मग मला कशी आठवत नाही?”

“तुला तरी काय आठवतं?”

दोघं आपापल्या भाषेत सुरू झाले. अगदी आमच्यासारखे. आम्ही चौघं पोळी हातात धरून बघत राहिलो. शेवटी शुभांगीनं विचारलं, परत शिकलो म्हणजे काय?

गिटारवाला म्हणाला, त्यांच्याकडचं पहिल्या अल्बमचं सगळं पावसाच्या पाण्यात गेलं. टेप, सीड्या, सगळं. हे गाणं मग बरीच वर्षं वाजवलंच नाही, विसरून गेले. एकदा हैदराबादला कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी येऊन त्यांना त्या अल्बमची एक सीडी दिली. कोण होतं, माहीत नाही. तिच्यावरूनच त्यांनी गाणं पुन्हा बसवलं.

“अजून अडलं की तीच ऐकतो,” तो म्हणाला. मग उठून गिटारच्या पेटीतून त्यानं ती आणली, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवून एकदा पुसली आणि आमच्या ताटांच्या मध्ये ठेवली.

घरी काढलेली कॉपी होती. वर हिरव्या स्केचपेननं कंदील काढलेला. ज्योत काचेच्या बाहेर, डावीकडं कललेली.

शुभांगीनं तोंडावर हात ठेवला.

“वांगं,” बालाजी एवढंच म्हणाला.

गिटारवाला आणि ड्रमर पुन्हा भांडायला लागले. होती, नव्हती. वाढपी मठ्ठा घेऊन आला, कुणी घेतला नाही, तो गेला. इरफान खिरीची वाटी हातात धरून बसला होता. गरम होती, बोटांना चटका बसत असणार. समोर ताटं, पाण्याचे ग्लास, मध्ये ती सीडी. तो टेबलाकडं बघत होता, आणि वाटी कुठं ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.